काजऱ्यावरचे बांडगूळ

कोकणातल्या एका वृद्ध वैद्यांपाशी एकदा एक शिष्य शिकत होता. नऊ वर्षे झाली होती. गुरू आता आपल्याला घरी धाडतील, या भीतीने त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडचे पाणी पळाले होते.

घडले ते असे. तापाने फणफणलेल्या विणकराच्या मुलीसाठी आंब्यावरचे बांडगूळ हवे होते. शिष्याने भारा आणला, तोही बांडगुळाखालच्या झाडाच्या फांद्या छाटून, अगदी साफ करून. वैद्यांनी एक पान जिभेच्या टोकाला लावले, थुंकले आणि अख्खा भारा खड्ड्यात पुरला. पान कडूजहर होते. भाऱ्यात काजऱ्यावरचे बांडगूळ मिसळले होते, आणि काजरा म्हणजे विषाचे झाड.

लगेच दोघे पुन्हा रानात गेले. वैद्यांनी प्रत्येक बांडगूळ वीतभर फांदीसकट कापायला लावले. भारा चांगलाच जड झाला. शिष्य तो उचलायला वाकला, तर त्याचा हात बाजूला सारून पाठीत बाक आलेल्या त्या म्हाताऱ्याने भारा स्वतःच्या डोक्यावर घेतला. वाटेत लोक बघत होते. शिष्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

अंगणात येताच तो म्हणाला, "गुरुजी, माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर मी जातो. पण असं ओझं वाहून मला लाजवू नका."

वैद्य धापा टाकत ओट्यावर टेकले. "बस इथे. बांडगुळाचं मूळ मातीत नसतं, झाडाच्या अंगात असतं. झाडाच्या रसातून त्याला औषध मिळतं, तसं विषही मिळतं. ते काही निवडत बसत नाही. म्हणून झाड ओळखायला फांदी सोबत आणायची, हे मी तुला पहिल्याच वर्षी शिकवलं. मग ती छाटायला कुणाकडून शिकलास?"

शिष्य भाऱ्याची गाठ सोडू लागला.

"बोल. मी रागावणार नाही."

"तुमच्याकडून," तो खाली बघत म्हणाला. "पाठ दुखायला लागल्यापासून तुम्ही..."

"मला झाड लांबून ओळखता येतं, म्हणून मी ओझं हलकं करत गेलो. नऊ वर्षं तू माझ्याच अंगावर वाढलास रे. माझी विद्या प्यायलास, तसा माझा आळसही. पोरीच्या जिवावर बेतलं असतं ते माझ्यामुळे. म्हणून आजचा भारा माझा."

शिष्याला रडू आवरेना. काढा चुलीवर चढवून त्याने तेल कोमट केले आणि तो वैद्यांची पाठ चोळायला बसला.

"उद्या भारा मी उचलेन," तो म्हणाला.

"उचल. पण मी फांदी छाटताना दिसलो, तर माझा हात धर."