लाल कधी आलाच न्हाई

"समदं हिरवं आलं व्हतं, महाराज. मग पिल्लं मेली कशानं?"

वैजनाथनं लॅपटॉप टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर आपटलाच. कानशिलं तापली व्हती गड्याची.

तुळसगिरी महाराज शेंगा फोडत बसले व्हते. गोसावी व्हायच्या आधी ह्या माणसानं शहरात उभी जवानी कॉम्प्युटरपुढं घातलेली. वैजाला प्रोग्रॅम लिहायला त्यांनीच शिकवलं.

"कंची पिल्लं?"

"कोंबडीची. अंडी उबवायचं मशीन केलंय मी. ऊब किती द्यायची, कवा थांबवायची, ते माझा पायथन भाषेतला प्रोग्रॅम ठरवतो. दोन खेपा वाया गेल्या. फोडून बघितली तर आत शिजलेली! मधी रानमांजरानं खुराडंच साफ केलं. आता शेवटची अंडी ठेवलीत मशीनमधी. गोदावरी तर..."

बायकोचं नाव निघालं न् त्यानं लॅपटॉप महाराजांपुढं सरकवला.

"तपासलं न्हाईस?"

"न तपासता ठेवीन व्हय? तपासायचं हत्यारबी मीच लिहिलंय. इवलंसं. प्रोग्रॅमचा एकएक तुकडा घेतं. उत्तर बरोबर आलं तर हिरवी खूण, चुकलं तर लाल." वैजानं छाती काढली. "आजवर लाल एकदाबी आला न्हाई."

महाराजांनी शेंग खाली ठेवली.

"एकदाबी?"

"एकदाबी न्हाई!"

"लिही त्यात. दोन न् दोन पाच. बरोबर का, इचार त्याला."

"काय पोरखेळ लावलाय, महाराज? तिकडं माझी अंडी..."

"लिही की, गाढवा."

वैजानं धाडधाड बटणं बडवली. हत्यार चालवलं.

हिरवं.

पुन्यांदा चालवलं.

हिरवंच.

महाराजांनी त्याच्या दंडाला असा करकचून चिमटा काढला की गडी बोंबलला.

"आई गं! काय करताय?"

"तू बोंबललास. हे का बोंबलत न्हाई?"

वैजा पडद्याकडं बघत राहिला. ओळी वर सरकवल्या. एका जागी बोट थांबलं.

"चूक सापडली की हत्यार तितंच बंद पडायचं. पुढचं तपासायचंच न्हाई. माझं डोकं फिरलं, न् मी लिहून टाकलं... चूक आली तर गप पुढं जा."

"आन् हिरवी खूण?"

"ती खाली हाय... कायबी झालं तरी उमटती."

त्यानं ती ओळ खोडली, चूक आली तर हिरव्याऐवजी लाल दाखव असं लिहिलं, न् चालवलं.

लाल. त्याच्याखाली लाल. पार तळापतुर लाल. ऊब थांबवायचा तुकडा, तोबी लाल.

"म्हंजी पहिल्या दिसापासनं... मी कायबी तपासलेलंच न्हाई, महाराज."

वैजानं गोदावरीला लावायला फोन काढला. टेकडीवर रेंज कुठली? तसाच उठला. एक पाय चपलात, एक भुईवर. खाली झाडीत त्याच्या घराचा पत्रा उन्हात चमकत व्हता.

"आत्ता पळत गेलो तर... जित्ती असतील का वो? तुमीच सांगा. एकदा व्हय म्हणा."

महाराजांनी मघाची शेंग उचलली. फोडली न्हाई.

"मला इचारू नको, वैजा. मी हिरवंच सांगीन."