कोरड्या विहिरीतले तीन ठोके

देवदानबाबा त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मेंढगावात आले आणि ख्रिस्ती वस्तीच्या टोकाला, प्रार्थनेच्या खोलीच्या ओसरीवर उतरले. बाबांचे घराणे मूळचे दोर वळणाऱ्यांचे. प्रभूच्या सेवेत केस पांढरे झाले, तरी त्यांच्या हातातला घायपाताच्या धाग्यांचा वाख काही सुटला नाही. कोणी आपले दुःख घेऊन आले की बाबा दोर वळता वळता ऐकत. पुष्कळदा उत्तर देतच नसत, आणि तरी माणूस हलका होऊन घरी जाई. गावात नवी विहीर खणायचे काम चालले होते आणि यारीला मजबूत दोर हवा होता, म्हणून त्यांना बोलावणे गेले होते. दोर आठ दिवसांत झाला. बाबा मात्र जाईनात.

यारी म्हणजे विहिरीच्या काठावरचा लाकडी रहाट. दोन गडी त्याचा दांडा फिरवतात आणि खालचा डबर, म्हणजे फुटलेला दगडमुरूम, टोपल्यातून वर येतो. खोल गेल्यावर माणसाची हाक वर नीट पोचत नाही. म्हणून विहीर खणणाऱ्यांचा एक नेम असतो. खालच्याला धोका वाटला की तो पहारीने खडकावर तीन ठोके देतो. तीन ठोके ऐकले की वरच्याने काही विचारायचे नाही. ओढायचे.

या नव्या विहिरीपासून पन्नास पावलांवर एक जुनी, अर्धवट विहीर होती. दोन वर्षांमागे तिचा काठ ढासळला आणि याकोब नावाचा खणणारा तिच्या तळाशी गाडला गेला. दरड एवढी होती की प्रेतसुद्धा वर काढता आले नाही. त्याची बायको सालोमी तेव्हापासून भाकरीसाठी डबराच्या पाट्या वाहत होती. नवऱ्याला माती दिली नाही, त्याच्यासाठी प्रार्थना म्हटली नाही, क्रूस रोवायला जागा नाही. रविवारी सगळे आपापल्या माणसांच्या कबरींवर फुले ठेवत, तेव्हा ती रिकाम्या हातांनी कबरस्तानाच्या फाटकाशी उभी राही.

आणि त्या चैत्रात जुन्या विहिरीतून आवाज येऊ लागला.

भर दुपारी, सावली पायाखाली आली की माळावरचा वारा पडे. कावळेसुद्धा गप्प होत. मग खालून, दगडमातीच्या ढिगाऱ्याखालून, पहारीचे तीन ठोके येत. सावकाश, एकामागून एक. प्रत्येक ठोक्याला काठावरचे बारीक खडे जागच्या जागी उडत. विहिरीच्या कपारीतली पारवी पहिल्याच दिवशी उठून गेली, ती परत आली नाहीत. शेरडे तिथले गवत खाईनाशी झाली. सगळ्यांनी ऐकले, आणि सगळ्यांनी त्या बाजूला जायचे सोडले.

जुन्या विहिरीचा आणि या नव्या कामाचाही मुकादम होता केरू. लहानपणी बाप्तिस्मा झालेला, पण मुकादमी हाती आल्यापासून प्रार्थनेच्या खोलीत त्याने पाऊल टाकले नव्हते. देवाचे नाव निघाले की त्याला हसू येई. आवाज सुरू झाल्यावर तो जास्तच हसू लागला. एकदा बायका भाकरी खात बसल्या असताना ठोके आले. सगळ्यांचे घास हातात राहिले. केरू सालोमीकडे बघून म्हणाला, "सालोमे, तुझा नवरा अजून कामावरच आहे बघ. तुझ्या प्रभूनं त्याला सुट्टी दिलेली दिसत नाही."

तिने भाकरी फडक्यात बांधली आणि उठून गेली. त्या संध्याकाळी ती बाबांच्या पायांशी येऊन बसली. बाबा पीळ घालत होते. तिने सगळे सांगितले. दोन वर्षे डोळ्याला डोळा नाही. तोंडाने प्रार्थना म्हणते, पण मन त्या ढिगाऱ्याखाली असते. शेवटी म्हणाली, "बाबा, तो मला वर ओढ म्हणतोय. आणि माझ्याजवळ दोर नाही हो."

बाबांचे हात थांबले. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तिला घेऊन जुन्या विहिरीवर गेले. तिला वाटले होते बाबा काही मोठे करतील. बाबा नुसते पालथे झाले आणि तापलेल्या जमिनीला कान लावून पडून राहिले. ठोके आले. एक. दोन. तीन. बाबांनी डोळे मिटून काही वेळ प्रार्थना केली आणि अंगाची माती न झटकताच उठून बसले.

"मुली," बाबा म्हणाले, "याकोब निजलाय. प्रभूच्या कुशीत निजलाय. जागी तू आहेस. हे ठोके त्याचे नव्हेत."

"मग कुणाचे, बाबा?"

"ज्याला झोप ठाऊक नाही, त्या प्रभूचे. तो कुणासाठी ठोठावतोय, ते त्याच्या वेळेला कळेल. तू भिऊ नकोस. तुझ्या माणसाला मात्र आता निजू दे."

बाई घरी आली. एवढ्याने तिचे दुःख गेले असे नाही. पण दोन वर्षांत पहिल्यांदा तिने दिवा मालवताना 'प्रभू, त्याला सोडव' असे म्हटले नाही. 'प्रभू, त्याला तुझ्या हाती दिले' असे म्हटले, आणि ती पहाटेपर्यंत निजली.

तिसऱ्या दिवसाची गोष्ट. नव्या विहिरीच्या तळाशी केरूचा धाकटा भाऊ हनोख आणि एक जोडीदार सुरुंगाची भोके पाडत होते. आईबाप गेल्यावर केरूनेच हनोखला वाढवलेले, भाऊ म्हणजे त्याचा जीव. ऊन अजून कोवळे होते. बाबा काठावर दोराला तेल लावत बसले होते.

एकाएकी वारा पडला. दांडा फिरवणाऱ्या गड्यांचे हात आपोआप थांबले. जुन्या विहिरीतून ठोके आले, पण आज ते दुपारसारखे सावकाश नव्हते. जवळचे होते, घाईचे होते. तीन. पुन्हा तीन. पुन्हा तीन. डबराच्या ढिगावरून दगड गडगडत खाली आले.

गडी पांढरेफटक पडले. केरू ओरडला की काम थांबवू नका, मेलेल्याच्या नादाला लागू नका.

बाबा उभे राहिले. आवाज चढवला नाही. "केरू, तीन ठोके ऐकल्यावर काय करायचा नेम आहे?"

"ते आमच्या विहिरीतले नाहीत."

"नेम काय आहे, ते विचारलं."

केरूने जुन्या विहिरीकडे पाठ फिरवली. गडी त्याच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. तेव्हा सालोमीने डोक्यावरची पाटी टाकली, विहिरीत वाकून "हत्यार टाका, टोपल्यात या" अशी हाक दिली आणि स्वतः दांड्याला हात घातला. खालच्यांना ठोके ऐकूच आले नव्हते, पण हनोख खणणाऱ्याच्या घरचा. वरून बोलावल्यावर कारण विचारायचे नसते, हे तो जाणून होता. दोघे टोपल्यात पाय देऊन दोराला बिलगले. दांडा एकट्या बाईला कसा हलावा? बाबांनी दुसरी बाजू धरली. मग त्या दोन गड्यांनाही राहवेना. यारी करकरली, दोर ताणला आणि टोपले वर येऊ लागले.

जोडीदारामागून हनोखने काठावर गुडघा टेकला आणि विहिरीची पलीकडची बाजू ढासळली. खाली एवढा आवाज झाला की माळ हादरला. धुळीचा लोट वर आला. माणसे एकमेकांना दिसेनात, नुसते खोकणे ऐकू येत होते.

धूळ बसली तेव्हा विहिरीचा तळ दिसत नव्हता. जिथे हनोख मघाशी उभा होता, तिथे बैलाएवढे दगड पडले होते. माळ शांत होता. पण ती आधीची मुकी शांतता नव्हती. कुठेतरी एक पारवा घुमत होता.

केरूने भावाला चाचपून पाहिले. डोके, हात, छाती. मग तो बाबांच्या पायांवर पडायला निघाला. बाबांनी पाय मागे घेतले. "माझ्या नको," ते म्हणाले. "तुझ्या पोटात काय आहे ते बोल."

केरू सालोमीसमोर येऊन उभा राहिला. मग खाली बघून म्हणाला, "वहिनी, त्या दिवशी याकोबनं तीन ठोके दिले होते. मी ऐकले. गड्यांना म्हटलं, आधी एवढा डबर वर येऊ द्या. एक टोपलं, वहिनी. फक्त एक टोपलं."

बायका तोंडाला पदर लावून उभ्या राहिल्या. हनोख भावाकडे बघत राहिला. सालोमीने एकदा बाबांकडे पाहिले. बाबांनी काही सुचवले नाही, मान हलवली नाही. हे ज्याचे त्यानेच करायचे असते.

ती जुन्या विहिरीकडे चालू लागली. कडेला पोचल्यावर वळली.

"या, मुकादम," ती म्हणाली. "माझ्या माणसाला माती द्यायची राहिलीय. पहिली मूठ तुम्ही टाका."

केरू आला. गुडघे टेकून त्याने मूठभर माती उचलली, पण ती टाकण्याआधीच त्याचे कपाळ काठाला टेकले. तो तसाच पडून राहिला. बाबांनी डोक्यावरचा पटका उतरवला आणि याकोबचे नाव घेऊन दफनाची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. सालोमीने 'आमेन' म्हटले. तिच्या मागून, मातीत तोंड असलेल्या केरूचा आवाज आला, "आमेन."