पांढऱ्या कापडाच्या गाठी

पाय पांघरुणात घ्या बरं. ऐका. एकदा काय झालं, लांब कोरिया देशात, समुद्राकाठी, बोकसुन नावाची मुलगी राहायची. तिचे बाबा मासे धरायला गेले आणि बुडाले.

तिथली रीत अशी, की बुडालेल्या माणसासाठी लांब पांढऱ्या कापडाला गाठी मारायच्या आणि ते धरून नाचायचं. नाच खरा झाला की गाठी आपोआप सुटतात. बोटांनी सोडवायच्या नाहीत, बरं का. गाठी सुटल्या की गेलेला जीव मोकळा होतो.

आणि बाबांचा जीव मोकळा होत नाही, तोवर बोकसुनची आई किनाऱ्यावर बसून. जेवेना, बोलेना, नुसती वाळत चाललेली. बाबा गेले, आता आईपण जाणार, म्हणून पोर घाबरली.

मग ती गावात हा नाच नाचणाऱ्या म्हाताऱ्या ओकबुन आजींकडे नाच शिकली. अगदी त्यांच्यासारखा. मग आईसमोर नाचली. हात चुकला नाही, पाऊल चुकलं नाही. पण गाठ काही सुटेना. आजी म्हणाल्या, "अगं, मधेच लंगडतेस कशाला? तो नाच नव्हे, माझा गुडघा दुखतो."

हसू नका रे. मी नाचले तर नुसते गुडघेच दिसतील.

मग दुसऱ्यांदा तिने शिकलेलं सगळं सोडलं. रडत, हातपाय झाडत नाचली. कापड अंगाला गुंडाळलं गेलं, गाठी आणखी आवळल्या. आईने मान फिरवली.

मग आजींनी तिला जवळ घेतलं. म्हणाल्या, "पाऊल माझं असू दे. श्वास मात्र तुझा घे. आणि तो येईपर्यंत थांब."

मग तिसऱ्यांदा बोकसुन नुसती उभी राहिली. ढोल वाजतोय, तरी उभीच. लोकांना वाटलं, विसरली. मग बाबा आठवले. छाती भरून आली, श्वास वर चढला. श्वासाबरोबर खांदा उचलला, खांद्यामागून हात, हातामागून कापड. टाच हळूच टेकली. पाऊल शिकवलेलंच, पण आता तिचं झालेलं. मग श्वास सुटला, आणि एक गाठ सुटली. मग दुसरी. मग सगळ्या. कापड वाऱ्यावर समुद्राकडे सरळ पसरलं.

आई खूप दिवसांनी रडली. मग बाहीने डोळे पुसले आणि म्हणाली, "बोकसुन, घरात तांदूळ आहेत का गं? भूक लागलीय."

मग मायलेकी घरी गेल्या, गरम भात जेवल्या आणि पुढे सुखाने राहिल्या. संपली गोष्ट. आता कुणी कुणाला ढकलायचं नाही. मिटा डोळे.