उदगीरचं उत्तर

“हा ‘उदगीर वाइंडिंग’ म्हणजे तुम्हीच ना, मास्तर?”

दाऊद मास्तरांनी मान वर केली नाही. घराच्या ओट्यावर, पुढ्यात पोत्यावर छताचा एक पंखा उघडून ठेवला होता आणि ते त्याच्या पोटात वाकून बघत होते.

“बस की,” ते म्हणाले.

गजेंद्र शेटे बसला नाही. सांगलीहून मिरजेला येईपर्यंत हा एकच प्रश्न तो घोळवत आला होता.

वायरमन, फिटर, मोटार दुरुस्तीवाले यांच्यासाठी पुस्तकं काढणारा हा प्रकाशक. आयटीआयत तो दाऊद तांबोळी मास्तरांच्याच हाताखाली शिकला. जळालेल्या मोटारीत नवी तार कशी भरायची, म्हणजे वाइंडिंग कसं करायचं, याची मास्तरांची एक वही होती. तिचं पुस्तक करून त्यानं धंदा सुरू केला, आणि वीस वर्षं त्या एका पुस्तकानं बाकीची सगळी पुस्तकं ओढली.

अलीकडे ते पडून होतं. पोरं आता फोनवरच्या ‘कारागीर कट्ट्या’वर जात. बिघडलेल्या मोटारीचा फोटो टाकायचा, प्रश्न विचारायचा. चहा पिऊन होईतो कुठून तरी उत्तर येई. फुकट.

गजेंद्रनं पिशवीतून कागदांची चळत काढली. कट्ट्यावर ‘उदगीर वाइंडिंग’ या नावानं आलेली उत्तरं होती ती. लाल पेन्सिलीनं रेघा मारलेल्या.

“‘तार ओढू नये, तिला येऊ द्यावी.’ हे वाक्य कुणाचं?”

“माझं.”

“पुस्तकात बाराव्या पानावर आहे. आणि हे बघा, उदगीर वाइंडिंग. शब्दन्शब्द तेच. अशी एकोणीस वाक्यं काढलीत मी.”

मास्तरांनी कागद घेतला. चष्मा कपाळावरून खाली ओढून सावकाश वाचला... आणि ओठांतल्या ओठांत हसले.

ते हसू गजेंद्रला आवडलं नाही.

“कुणी चोरलं असेल तर नोटीस धाडतो. वकिलाशी बोलून झालंय. पण तुम्हीच लिहीत असाल, तर...”

“तर?”

गजेंद्रनं उरलेले कागद पुन्हा जुळवले.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. त्यांनी एकदा पाहिलं आणि तो पोत्यावर पालथा ठेवला. गजेंद्रची नजर तिथून हलेना.

“तुम्ही आहात त्या कट्ट्यावर?”

“आहे.”

“रोज जाता?”

“रोज सकाळी.”

एवढं सरळ उत्तर त्यानं गृहीत धरलं नव्हतं. त्याचा संशय उलट वाढला. माणूस इतक्या सहज कबूल करतो, तेव्हा त्याला दुसरं काहीतरी झाकायचं असतं, हे त्याचं व्यवहारातलं शिक्षण होतं.

“फोन बघू.”

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. ज्या माणसानं हात धरून तार भरायला शिकवली, त्याचा आपण खिसा तपासतोय. पण शब्द परत घेतला नाही.

मास्तरांनी हाताला लागलेलं ग्रीस चिंधीला पुसलं. फोन उघडला, कट्टा काढला आणि त्याच्या हातात दिला.

गजेंद्र ओट्याच्या कडेला टेकून वाचू लागला.

मास्तरांचं तिथलं नाव होतं ‘मिरजेचा शिकाऊ’. त्यानं अंगठ्यानं वर सरकवलं, खाली सरकवलं. मास्तरांनी दिलेली उत्तरं शोधली. एकही नव्हतं.

सगळे प्रश्न होते.

‘रिमोटवर चालणारा नवा पंखा आहे. माझ्या हातून तीन बिघडले. कुठं चुकत असेल?’

खाली उदगीर वाइंडिंगचं उत्तर होतं. आधी सर्किट कसं तपासायचं ते नीट सांगितलेलं, आणि मग:

‘शिकाऊभाऊ, पाया कच्चा वाटतो तुमचा. दाऊद तांबोळी मास्तरांचं पुस्तक कुठूनही मिळवा. मी त्यावरच शिकले, मला ते तोंडपाठ आहे. फक्त चौऱ्याऐंशीव्या पानावरची आकृती बघू नका, ती उलटी छापलीय. माझ्या पहिल्या दोन मोटारी तिच्यापायी जळाल्या, गिऱ्हाईक दुकानाच्या दारात उभं राहून ओरडलं. सुलोचना हिप्परगे, उदगीर.’

त्याखाली मास्तरांनी लिहिलं होतं, ‘वाचतो, ताई. आभार.’

गजेंद्रनं ते दोनदा वाचलं.

उलट्या आकृतीचं त्याला नऊ वर्षं ठाऊक होतं. मास्तरांनी दोन पत्रं पाठवली होती. त्यानं तेव्हा गोदामात छापून पडलेले गठ्ठे पाहिले आणि पत्रं फायलीत लावली. एवढं बारीक कोण बघतंय, असं त्याला वाटलं होतं.

त्यानं फोन मास्तरांसमोर पोत्यावर ठेवला.

“तुम्ही तिला सांगितलं नाहीत? पुस्तक तुमचंच आहे म्हणून?”

“सांगितलं असतं, तर तिनं मला शिकवलं नसतं.”

मास्तरांनी पंख्यातलं सर्किट उचलून उजेडाकडे धरलं.

गजेंद्रच्या हातातले कागद एकाएकी जड झाले. तरी मन ऐकेना. एवढी तयारी करून तो आला होता, आणि हात हलवत परत जायची त्याला सवय नव्हती.

“आणि हे मला दाखवायला म्हणूनच लिहून ठेवलं नाही कशावरून?”

मास्तर सर्किट निरखत राहिले.

“ती बाई खरी कशावरून? आणि खरी असली तरी दुकान सोडून लोकांना फुकट शिकवत बसेल कोण? त्यात कुणाचा तरी डाव असणारच ना, मास्तर? आमच्यासारख्यांना धंद्यातून उठवायचं ठरवलंय ना कुणीतरी?”

मास्तरांनी सर्किट खाली ठेवलं. पहिल्यांदाच त्याच्याकडे पूर्ण वळून पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, आणि तेच गजेंद्रला सोसवेना.

“आल्यापासून किती प्रश्न विचारलेस, गजेंद्र?”

“मोजले नाहीत.”

“त्यातला एक तरी असा होता का...” मास्तर थांबले, “ज्याचं उत्तर तू घरून आणलं नव्हतंस?”