शनिवारचा धूर

खाडीकाठच्या एका गावात हसाजी नावाचा एक तेली राहत होता. तो बेने इस्राएल, म्हणजे यहुदी. पण एवढं लांबलचक कोण म्हणत बसणार? गाव त्याच्या घराला 'शनवार तेली' म्हणे. शुक्रवारी सूर्य मावळला की त्याचा घाणा थांबे, तो शनिवारी आभाळात चांदण्या दिसेपर्यंत हलत नसे. माणसांबरोबर बैलालाही सुट्टी. त्या दिवशी घरात चूलसुद्धा पेटत नसे. शुक्रवारी करून ठेवलेल्या भाकऱ्या आणि कालवण सगळे गारच खात.

शेजारी चांगुणा कोळीण राहत होती. मासे विकता विकता तिला या घराच्या तऱ्हा कळल्या होत्या. खवलं आणि पर नसलेली मासळी इथे चालत नाही, म्हणून मुशी आणि कोळंबी ती त्यांच्या दारात टोपलीबाहेर काढतही नसे. पण तेवढ्यावर गप्प बसेल ती चांगुणा कसली! या लोकांचं सगळ्यात मोठं ते काय, हा किडा तिच्या डोक्यात सारखा वळवळत असे. हसाजीची बायको शेगुलाबाई हिला विचारावं, तर ती कधी म्हणे, देव एकच आहे हे विसरायचं नाही. कधी म्हणे, दारी आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही. एकाच बाईची दोन उत्तरं. शेवटी चांगुणेने आपल्यापुरता निकाल लावून टाकला. यांचं सगळ्यात मोठं ते शनिवार.

एकदा गावच्या खोताच्या मुलाचं लग्न निघालं. पाहुणे वाढले आणि मशालींना तेल कमी पडलं. दिवस नेमका शनिवार. खोताने निरोप पाठवला, घाणा फिरव. हसाजीने हात जोडले आणि सांगितलं की आज नाही जमायचं, चांदण्या दिसल्या की घाणा जुंपतो आणि उद्या उजाडताच तेल पोचतं करतो. खोताला नकार ऐकायची सवय नव्हती. तो स्वतः आला. घाण्याखालची जमीन त्याचीच होती. तुझा शनिवार हा कामचुकारपणाचा बहाणा आहे, असं तो चारचौघांत म्हणाला. हसाजी मान खाली घालून उभा राहिला. चांगुणेला मात्र राहवलं नाही.

"खोतसाहेब, मी याच्या कुडाला लागून राहते," ती म्हणाली. "शनवारी या घरातून धूर निघालेला मी जल्मात बघितला नाही. खोटं असलं तर माझी मासळी गावात विकू देऊ नका."

खोताने दोघांकडे रोखून पाहिलं. "बरं," तो म्हणाला. "पण ज्या शनिवारी धूर दिसेल, त्या शनिवारी घाणा उपटून खाडीत जाईल. आणि चांगुणे, तुझी टोपलीही त्याच्यामागून."

लग्न हसाजीच्या तेलाशिवायही पार पडलं. शेजारगावचं करंजेल आणून मशाली पेटवल्या. पण खोताच्या मनातली अढी काही गेली नाही.

मग माघ आला. शनिवारी सकाळी चांगुणा अंगणात मासळी वाळत घालत होती. सहज मान वर केली, तर हसाजीच्या छपरातून धूर! आधी तिला वाटलं, आग लागली असेल. पण तो चुलीचा धूर होता, सावकाश वर चढणारा. घाणा गेला, टोपली गेली, ते एक झालंच. पण ज्याच्यासाठी आपण खोताला तोंड दिलं तो माणूस खोटा निघाला, याचंच तिला जास्त वाईट वाटलं. ती कुंपण ओलांडून धावली.

आत चुलीजवळ एक अनोळखी माणूस पडला होता. ओठ निळे पडलेले, अंग थरथरत होतं. खाडीच्या तोंडाशी त्याचं होडकं उलटलं होतं आणि भरतीने त्याला काठावर आणून टाकलं होतं. प्रार्थना आटोपून बाहेर पडलेल्या हसाजीला तो चिखलात दिसला. त्याने त्याला खांद्यावर घालून आणलं आणि स्वतःच्या हाताने चकमक झाडून चूल पेटवली. आता शेगुलाबाई गरम तेलाने त्याचे तळवे चोळत होती आणि चुलीवर पेज रटरटत होती.

चांगुणेचा जीव भांड्यात पडला. पण लगेच ती रुसलीही.

"दादा, मला हाक मारायची होती. मी पेटवली असती चूल. जीव वाचला असता आणि तुमचा शनवारही राहिला असता."

"वैनी तेच म्हणाली तुझी," हसाजी म्हणाला. "पण मी हात बांधून बसलो असतो आणि तुला बोलावलं असतं, तर माझ्या पोरांना काय वाटलं असतं? जीव वाचवणं हे पाप, म्हणून बाबाने ते शेजारणीकडून करून घेतलं."

चांगुणा खाली बसली आणि त्या माणसाचे हात चोळू लागली.

तोवर धूर पाहून खोत दारात हजर. बरोबर कुदळी घेतलेले गडी. त्याने चूल पाहिली, चुलीजवळचा माणूस पाहिला.

"हा कोण?"

"विचारलं नाही," हसाजी म्हणाला.

खोताचा चेहरा उतरला. तो रागावला होता, पण आवाजात राग कमी आणि दुखावलेपण जास्त होतं. "माझ्यासाठी तू शनिवार मोडला नाहीस. आणि या कुठल्या कोणासाठी मोडलास?"

"तुमच्याकडे लग्न होतं, खोतसाहेब. याच्याकडे मरण होतं. तुम्ही असे पडला असता तर तुमच्यासाठीही पेटवली असती."

तेवढ्यात खोताची नजर कोपऱ्यात गेली. हसाजीची मुलं ओळीने जेवायला बसली होती. थंडीने अंग आखडून ती कालची भाकरी चावत होती. चूल चार हातांवर धडधडत होती. खोताने वाकून एका पोराच्या ताटातली भाकरी चाचपून पाहिली. ती गार होती. कालवणावर तेल थिजलं होतं.

"चूल पेटलीच आहे," तो हळूच म्हणाला. "यांना तरी गरम करून द्यायचं."

"ती त्याची चूल आहे," शेगुलाबाई म्हणाली. "आमचा शनिवार आहे."

खोताने अंगावरची शाल काढली, त्या थरथरणाऱ्या माणसावर घातली आणि गड्यांना कुदळी परत न्यायला सांगितल्या. यांचं सगळ्यात मोठं ते काय, या जुन्या प्रश्नाचं उत्तर चांगुणेलाही मिळालं होतं. पुढच्या शनिवारी तिने मुद्दाम छपराकडे पाहिलं. धूर नव्हता.

तात्पर्य: नेम कितीही मोठा असो, माणसाचा जीव त्याहून मोठा. पण जीवासाठी नेम बाजूला ठेवावा, आपल्या सोयीसाठी नाही.