दांड्याचं माप

"आणि चोर पुराव्यासकट दाखवला, तर गटातून त्याचं नाव काढाल की नाही? एवढंच सांगा, सर."

ऋजुता उभी राहूनच बोलत होती. उकिडवे सर कार्यशाळेतल्या बाकावर बसून रंधा पुसत होते.

"कुणाचं?"

"नेमिनाथचं."

सर रंधा पुसत राहिले...

डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या डिझाइन महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाच्या मुलांना आठवडाभरात एक डोली करायची होती. वरच्या वाड्यांमधून आजारी माणूस खाली रस्त्यापर्यंत आणायला. दोन दांडे, मधे खुर्ची, पुढे एक जण, मागे एक जण. काम गटानं मिळून करायचं. परीक्षक दुसऱ्या दिवशी येणार होते, आणि ज्याचं नाव गटातून निघेल त्याचं वर्ष बुडणार होतं.

महाविद्यालयाच्या दारावर 'चला, मिळून घडवू' असं ठळक रंगवलेलं होतं. आत क्रमांक मात्र एकेकट्याला. तिघांनी मिळून राबायचं आणि पहिलं एकानंच यायचं. हा नियम ज्यांनी केला, त्यांनी कधी दुसऱ्याबरोबर साधं टेबल तरी उचललं होतं का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. मुलं आपल्या चित्रांवर चादर टाकून जेवायला जाऊ लागली. दुसऱ्या गटाचं कुणी टपरीवर आलं की चहा पिणारे गप्प होत. मैत्रिणी एकमेकींच्या फोनकडे तिरक्या नजरेनं बघत.

ऋजुताच्या गटात तिघं होती. ती, अल्मास आणि नेमिनाथ. डोलीच्या खुर्चीची पाठ मागे कलती करायची, ही कल्पना ऋजुताची. तीच कल्पना दुसऱ्या गटाच्या चित्रात दिसली, आणि तिची झोप उडाली.

आपल्यातलंच कुणीतरी फुटलंय.

तिनं ते कुणाला विचारलं नाही. सापळा लावला.

सरांना तिनं तो अभिमानानंच सांगितला. दांड्याची जाडी तिनं ठरवली होती. अल्मासला तिनं एक जाडी सांगितली, नेमिनाथला मुद्दाम वेगळी. दोघांनाही वर बजावलं, की हे आपल्यातच राहू दे, तिसऱ्यालाही बोलू नको. आता ज्याचं माप दुसऱ्या गटाच्या डोलीत निघेल, तो चोर. आज दुपारी सगळे जेवायला गेल्यावर तिनं त्यांच्या डोलीवरची चादर उचलून दांडा मोजला होता. माप नेमिनाथचं निघालं.

"चादर उचललीस," सर म्हणाले.

"पुराव्यासाठी."

"हं..."

सरांनी तिला एवढंच विचारलं, की वरच्या वाडीत कुठकुठले गट गेले होते. दोन्ही, ती म्हणाली. दोन्ही गट तिथल्या सखूबाईंना भेटले होते. झोळीत घालून खाली आणताना कंबर कशी मोडते, पाठ टेकायला काहीच कसं नसतं, ते म्हातारीनं दोन्ही गटांना सारखंच ऐकवलं होतं.

"म्हणजे कल्पना सखूबाईंची."

ऋजुताच्या कपाळावर आठी आली. पण मापाचं काय, तिनं विचारलं. माप तर सखूबाईंनी दिलं नव्हतं.

सरांनी हाक मारून दोघांना आत बोलावलं.

अल्मास खुर्ची घेऊन आली. खुर्चीच्या दोन्ही बाजूंना तिनं लोखंडी कड्या जोडून घेतल्या होत्या. नेमिनाथ दांडे घेऊन आला. पक्के, तासलेले बांबू. दोघंही चिडलेली होती, आणि एकमेकांवर. दांडा कडीत जात नव्हता. अल्मासचं म्हणणं, हा कोल्हापूरचा पैलवान, ह्याला डोली नाही, तालमीचा खांब करायचा होता. नेमिनाथचं म्हणणं, हिनं कड्या बांगड्यांच्या दुकानातून आणल्यात.

सरांनी दांडा कडीला लावून पाहिला. अडला.

"दुसऱ्या गटाला माप कुणी सांगितलं?"

"मीच की," नेमिनाथ म्हणाला. लपवण्यासारखं त्यात काही आहे, हे त्याच्या गावीही नव्हतं. "दांडा बसंना. ऋजुताला विचारलं, तर ही म्हणाली सांगितलंय ते कर, जास्त बोलू नको. अल्मासला विचारायची बंदी. मग मी त्यांच्याकडं गेलो. म्हटलं, माझा एवढा आहे, चुकलाय का बघा. त्यांचं माप ठरलंच नव्हतं. त्यांनी माझंच घेतलं."



बाहेर कुणीतरी करवत चालवत होतं. ती थांबली...

"ऋजुता," सर म्हणाले, "माप सांग."

"कुठलं?"

"खरं."

 मग तिनं माप सांगितलं. ते अल्मासला दिलेलं माप होतं. नेमिनाथनं मनातल्या मनात हिशेब जुळवला, आणि तो जुळल्याचं त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

"मला मुद्दाम चुकीचं दिलंस?"

"...हो."

"आणि मी ते तासत बसलो."

त्यानं दांडे उचलले आणि तो बाहेर गेला. तो आता हे दांडे ओढ्यात फेकणार, असंच ऋजुताला वाटलं. इतक्या दिवसांत तिला दुसरं काही वाटायची सवयच राहिली नव्हती. पण थोड्या वेळानं बाहेरून कानशीचा आवाज येऊ लागला. तो बराच वेळ येत राहिला. अल्मासनं खुर्ची उचलली आणि तीही बाहेर गेली.

ऋजुताला मात्र कुणी बोलावलं नाही.

"त्याचं नाव काढायचं का?" सरांनी विचारलं.

"तो आता माझं काढा म्हणेल."

"त्यानं तसं म्हटलं?"

"म्हणेलच."

सर उठले.

दांडे आता कड्यांमधून सरकले होते. डोली कार्यशाळेबाहेर, खाली रस्त्याकडे उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांच्या तोंडाशी ठेवलेली होती. मुलांनी केलेल्या वस्तूवर पहिलं वजन सर नेहमी स्वतःचंच टाकत. ते सावकाश खुर्चीत बसले. तोंड पायऱ्यांकडे.

"ऋजुता, पुढे हो."

ती पुढे झाली. वाकून तिनं दोन्ही दांडे उचलले. खाली पायऱ्या होत्या, झिजलेल्या, अरुंद. मागे कुणाच्या तरी चपला वाजल्या आणि थांबल्या.

तिनं मान वळवली. तिच्या हातातले दांडे तिरके झाले, आणि खुर्ची कलंडता कलंडता राहिली. सरांनी खुर्चीचा काठ घट्ट धरला. ती पुन्हा समोर बघू लागली.

दांड्यांची मागची टोकं उचलली गेली. वजन तोलात आलं. उचलणारानं एक शब्दही काढला नाही. अल्मास असेल. दुसऱ्या गटाचं कुणी असेल. नेमिनाथ असेल, आणि मधल्या पायरीवर त्यानं हात सोडला तर...

तिचा पाय उचलेना.

"सर, मागे कोण आहे?"

"मलाही दिसत नाही," उकिडवे सर म्हणाले. "चाल."