उंच नेच्याचं कूळ

फार पूर्वी, फुलं पृथ्वीवर नवीनच आली होती, तेव्हा झाडांनी दरीत सभा भरवली. ज्याने त्याने आपल्या कुळात बसायचं ठरलं. उंच वाढलेल्या वृक्षनेच्याला चैन पडेना. आपलं खोड ताडासारखं सरळ, मग ताडाबरोबर फुलझाडांतच बसू, म्हणून तो पुढे निघाला.

खडकाच्या फटीतला बोटभर नेचा म्हणाला, "अरे, आपली माणसं इकडं आहेत."

"तुझी असतील," वृक्षनेचा फटकन म्हणाला.

सभेत सोनचाफ्याने विचारलं, "तुमचं फूल कुठंय?"

"यंदा जरा उशीर झालाय," वृक्षनेचा चुळबुळत म्हणाला. इतक्यात वाऱ्याने त्याचं पान उलटलं. मागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा!

"रोग! रोग! हाकला याला!" एकच गलका झाला.

तेवढ्यात बोटभर नेच्याने आपलंही पान उलटून दाखवलं. "रोग नाही तो. आमचं बी म्हणा हवं तर. माझ्याही पानामागे आहे, बघा."

ठिपके अगदी तसेच होते. सोनचाफ्याने वृक्षनेच्याला विचारलं, "हा तुमचा कोण?"

वृक्षनेचा खाली वाकून म्हणाला, "माझ्या घरचा."

मग तो सभेतून उठला आणि त्या फटीशेजारी ओलाव्यात जाऊन उभा राहिला.